उत्सर्ग समिती आणि घरातील ओला कचरा



जैन आचारात साधूंसाठी ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेप आणि उत्सर्ग अशा ५ समिती सांगितल्या आहेत. टाकावयाचा पदार्थ कोणत्याही जीवास पीडा होणार नाही अशा जागी, नीट पाहून ठेवणे म्हणजे उत्सर्ग समिती. हा नियम मुनींचा. तथापि तो श्रावकाच्या घरालाही एक प्रश्न विचारतो. वस्तू उंबऱ्याबाहेर गेली म्हणजे तिची जबाबदारी संपली काय?

या शहराला त्याचे उत्तर २०१८ साली मिळाले. वर्षानुवर्षे शहराचा कचरा नारेगावला टाकला जात होता. दुर्गंधी, धूर आणि दूषित पाणी सोसून थकलेल्या ग्रामस्थांनी १६ फेब्रुवारी २०१८ पासून कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. शहरात ढीग साचले. ७ मार्च रोजी मिटमिटा येथे कचऱ्यावरून उग्र संघर्ष झाला. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल येथे प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. चिकलठाणा तर मुकुंदवाडीच्या शेजारीच आहे. ओला-सुका कचरा एकत्र गेला, तर केंद्रातही चांगले खत होणे कठीण. आणि गाठ मारलेली पिशवी वाटेत गायीच्या पोटात गेली, तर जीवदयेचे दान कितीसे उपयोगी पडणार?

उपाय साधा आहे. मुकुंदवाडीत घरे दाट, अंगण थोडे. म्हणून ८-१० कुटुंबांनी मिळून बाजूंना व तळाला छिद्रे असलेली २ पिंपे सावलीत ठेवावीत. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा यांचा थर द्यावा आणि त्यावर तेवढाच किंवा दुप्पट वाळलेला पाला पसरावा. आठवड्यातून एकदा ढीग हलवावा. मुठीत दाबल्यास ओल जाणवावी, पण पाणी गळू नये. दुर्गंधी आली तर हवा कमी व ओल जास्त झाली असे समजून सुका पाला वाढवावा. पहिले पिंप भरले की दुसरे वापरावे. साधारण २ ते ३ महिन्यांत मातीचा वास असलेले काळसर खत तयार होते. ते कुंडीतील मातीत ओल धरून ठेवते. पाण्याची टंचाई जाणणाऱ्या मराठवाड्यात हा लाभ लहान नव्हे.

येथे एक शंका रास्त आहे. ढिगात सूक्ष्म जीव उत्पन्न होतात; मग हिंसा घडत नाही काय? ती शंका झटकून टाकू नये. परंतु जीव कचराडेपोतही उत्पन्न होतातच, आणि तेथे लागणाऱ्या आगीत होरपळतात. म्हणून प्रथम कचराच कमी करावा. पानात अन्न न टाकण्याची आणि ताट धुऊन ते पाणी पिण्याची परंपरा ही त्याची पहिली पायरी होय. उरलेल्यासाठी यतना पाळावी: ढिगावर उकळते पाणी किंवा कीटकनाशक टाकू नये, तो जाळू नये, हलविताना सावकाश हलवावा. चातुर्मासात अधिक दक्षता घ्यावी. तरीही मनात संदेह राहिल्यास महाराजसाहेबांचे मार्गदर्शन घ्यावे.

सुवर्णमहोत्सवानिमित्त अनेक संकल्प होतील. त्यांत प्रत्येक गल्लीत पिंपांची एक जोडी, एवढा लहानसा संकल्प जोडला जावा. नारेगावच्या ग्रामस्थांनी जे सोसले, ते पुन्हा कोणत्याही गावाच्या वाट्याला न येवो.

जय जिनेंद्र!