खोड्या कोणत्या तासाला?



शिक्षकांच्या या सभेत दुपारच्या सत्रात एक ठराव येणार आहे. छडी गेली, शिस्त संपली, सबब शिक्षकांना पूर्वीचे अधिकार परत मिळावेत, असा. त्यामागची चीड मला कळते. एक पोरगं बाकावर चढून शिट्टी मारतं आणि उरलेल्या चौतीस जणांचा तास जातो, तेव्हा आपल्याला प्रशिक्षण देणारे तज्ज्ञ वर्गात नसतात. तरीही माझा या ठरावाला विरोध आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याआधी छडी होतीच की! तेव्हा व्रात्य पोरं सुधारत होती का? कित्येक शाळाच सोडून जात, आणि वर्ग शांत झाला म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकत होतो.

मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहितो, पुन्हा बोलला की फुली. रोज तीच चार नावं. त्या नावांपुढे आता तास लिहून पाहा, आणि खोडीच्या आधी वर्गात काय चाललं होतं तेही. सहावीतला एखादा मुलगा खेळाच्या तासाला गुणी असतो, प्रयोगाला पुढे असतो. मराठीच्या तासाला प्रकट वाचनाची पाळी दोन बाकांवर आली, की नेमकं शेजाऱ्याचं दप्तर भिरकावतो. त्याला जोडाक्षरं वाचता येत नाहीत. चारचौघांत अडखळण्यापेक्षा बोलणी खाल्लेली त्याला परवडतात. आपण त्याला वर्गाबाहेर उभं करतो, म्हणजे त्याला हवं तेच देतो. उद्याही तो दप्तर फेकणारच. त्याला उद्याच्या चार ओळी आजच बाजूला घेऊन वाचायला द्या, आणि उद्या तेवढ्याच विचारा.

बीडच्या मंडळींना मी काय सांगावं? दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर उसाच्या फडात गेलेली पोरं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, तोवर पुस्तक कुठल्या कुठे गेलेलं असतं. मग ती दंगा करतात. दुसरं काय करतील?

कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच पाहिलं. वारली मुलं शाळेत टिकत नव्हती, कारण गुरं राखायची असत. दोघींनी मुलांना नाठाळ ठरवलं नाही. शाळाच कुरणात नेली.

‘पालकांना घेऊन ये’ हा आपला आवडता हुकूम. आईचा रोज बुडतो आणि त्याची वसुली घरी पोराच्या पाठीवर होते. कलम १७ तिथे पोचत नाही.

काही मुलं मात्र खरोखर इतरांना इजा करतात. ती एकट्या शिक्षकाच्या आवाक्यातली नसतात, आणि तसं म्हणण्यात कमीपणा नाही. म्हणून ठरावातली छडी काढा. शाळांच्या दर केंद्राला एक समुपदेशक मागा, आणि निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामं काढून घ्या म्हणा, म्हणजे ते फळ्यावरचे तास लिहायला आपल्याला सवड होईल. अध्यक्षाने सूचक होऊ नये असा संकेत आहे. तो आज मी मोडतो. अनुमोदन कोण देणार, ते जेवणाच्या सुट्टीआधी सांगा.