आकडा आणि मोल

लहान कॉलेजच्या ग्रंथालयाने तुटपुंज्या पैशात रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत? १९२७ साली अमेरिकेत ग्रॉस आणि ग्रॉस यांनी याचा विचार केला. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ चा खंड घेऊन, त्यातल्या लेखांनी कोणत्या नियतकालिकांचे किती दाखले दिले, ते त्यांनी मोजले. खरेदीची यादी हाती आली! ही मोजदाद उपयोगाचीच. पण दाखला मान्यतेसाठी दिला की चूक दाखवायला, हे आकडा सांगत नाही. आणि मराठी मासिक वाचून एखाद्या शेतकऱ्याने पेरणी सुधारली, तर तो दाखला कोण मोजणार? म्हणून गुरुजी, आकडा लहान दिसला एवढ्यावरून मासिक बंद करू नका. तराजूवर बियाण्याचे वजन कळते. उगवण पेरल्यावरच कळते.