वायूचं नाव डॉक्टरला कोण सांगणार?



आज चेन्नईच्या उत्तरेकडच्या एन्नोरबद्दल बोलतो. २६ डिसेंबर २०२३, रात्री पावणेबाराचा सुमार. जहाजातून खत कारखान्याकडे अमोनिया आणणाऱ्या समुद्राखालच्या पाइपलाइनमधून वायू सुटला. पेरियकुप्पम आणि आसपासच्या कोळीवाड्यांतली माणसं झोपेतून उठून रस्त्यावर पळाली. अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. कारखान्याच्या फाटकाशी हवेत दर घनमीटरला २०९० मायक्रोग्रॅम अमोनिया होता, मर्यादा ४०० ची, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितलं, पण नंतर. डॉक्टरला माहिती हवी असते ती त्याच घटकेला.

पेशंट वायूचं नाव सांगत नाही. डोळे चुरचुरतात, घसा आवळतो, एवढंच सांगतो. उपचार मात्र नावावर ठरतो. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून डोळे, नाक, घसा आधी भाजतात. भरपूर पाण्याने धुवायचं, ऑक्सिजन द्यायचा, घसा सुजून श्वास कोंडत नाही ना हे पाहायचं. त्यावर खास उतारा नाही. फॉस्जिनचं उलट. पेशंट आधी बरा दिसतो आणि काही तासांनी फुफ्फुसांत पाणी भरतं. नाव न कळता त्याला घरी पाठवलं, तर? भोपाळमध्ये १९८४ साली हमीदिया रुग्णालयातले डॉक्टर वायू कोणता, उतारा कोणता हे न कळताच हजारो माणसांना तपासत होते.

भोपाळनंतर कायदे झाले. १९८९ च्या नियमांनुसार कारखान्याने आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती द्यायची असते. १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमायला सांगितलं. रस्त्यावरच्या टँकरवर रसायनाचं नाव, क्रमांक आणि फोन लिहावाच लागतो. अमोनियाचा क्रमांक १००५. समुद्राखालच्या नळीवरची पाटी कोण वाचणार? कारखान्याकडे सुरक्षा माहितीपत्रक असतं, १६ विभागांचं, इंग्रजीत. मध्यरात्री ते चाळायला डॉक्टरला वेळ कुठला? दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून विषमाहिती केंद्र आहे, चोवीस तास चालणारं. पण त्यालाही पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो: विष कोणतं?

फौजेत शत्रू कोण, किती, कुठे याचा अंदाज घेतल्याशिवाय आम्ही पलटण पुढे पाठवत नाही. डॉक्टरला मात्र आपण आंधळेपणाने पाठवतो.

माझी मागणी एका कागदाची आहे. रुग्णालयाच्या अपघात विभागाच्या भिंतीवर, स्थानिक भाषेत: परिसरात कोणते वायू साठवले आहेत, लक्षणं काय, पहिला उपचार काय, पेशंटला किती तास ठेवायचं, आणि रात्री कारखान्यात फोन कोण उचलेल. वर्षातून एकदा सराव करा आणि त्यात रुग्णालयालाही घ्या.

तारापूर, लोटे, महाड, डोंबिवली इथले कुणी ऐकत असाल, तर उद्या जवळच्या रुग्णालयात जा आणि विचारा, हा कागद कुठे लावलाय? नसेल, तर तो लावून घेईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

जय हिंद.