वईच्या अलीकडे आणि पलीकडे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला 'शेजारधर्म' ह्या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले. वाटीभर साखर, विरजणाचे ताक, आजारपणातली पेज, ह्या गोष्टी तुम्हां सर्वांना माझ्याहून अधिक ठाऊक आहेत. म्हणून मी त्याची कडू बाजू सांगणार आहे. हद्दीचे भांडण. दुसऱ्या कोणाला टोचायला नको म्हणून आमच्या घरचेच सांगते. ज्या काकींशी ते भांडण झाले त्यांना विचारूनच बोलते आहे. त्या तिसऱ्या ओळीत बसल्या आहेत आणि माझे कुठे चुकले तर मला इथेच थांबवणार आहेत.

आमच्या आणि त्यांच्या परड्यामध्ये वई होती. भात कापून झाले, गुरे मोकळी सुटली, की मार्गशीर्ष-पौषात दरवर्षी वई नव्याने घालायची. कुजलेल्या मेढी काढायच्या, नव्या ठोकायच्या, आडव्या काठ्या बांधायच्या आणि वर करवंदीच्या काट्या चढवायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा ह्याच वईवरून काकींनी मला पहिल्यांदा हाक मारली होती. माझ्या थोरलीच्या वेळी रात्री कळा सुरू झाल्या, तेव्हा सासूबाईंच्या आधी काकी येऊन पोचल्या, त्याही वईच्या फटीतूनच.

पुढे 2012 साली काकींच्या मुलाने ठरवले की दरवर्षीची ही कटकट नको, चिऱ्याचा गडगा घालू. विचार चांगलाच होता. पण चर कुठून खणायचा ह्यावर गाडे अडले. आम्ही म्हणालो, वईच्या रेषेतून. ते म्हणाले, वई खालच्या अंगाला आमच्यात आली आहे. आणि नेमका तिथेच फणस उभा! कापा फणस, मधासारखा गोड. त्याचे गरे आमच्या सासूबाई तीस वर्षे तळत आल्या होत्या. शब्दाला शब्द लागला. पुरुषमाणसे तासभर मोठ्याने बोलली आणि आपापल्या कामाला निघून गेली.

भगिनींनो, इथे मला एक सांगायचे आहे. हद्दीचे भांडण पुरुष करतात, पण ते दिवसभर सोसावे लागते बायकांना. पुरुष कामावर जातात, बाजारात जातात, चार लोकांत मिसळतात. आपले कपडे मात्र वईशेजारीच वाळत असतात, मोरीचे पाणी तिकडेच जाते, कोंबड्याही त्याच फटीतून जातात. दिवसातून दहा वेळा समोर यायचे आणि दहा वेळा मान फिरवायची. असे आम्ही चार वर्षे केले. त्यांची कोंबडी आमच्या गवतात अंडी घालायची. ती अंडी मी वईवर नारळाच्या करवंटीत ठेवून यायची, आणि थोड्या वेळाने पाहावे तर करवंटी रिकामी असायची. हळदीकुंकवाला आम्ही ह्याच खोलीत दोन टोकांना बसत होतो. काकींची नात झाली तेव्हा बारशाचे बोलावणे आले नाही. त्या दिवशी मी आतल्या खोलीत जाऊन रडले, हे आज पहिल्यांदाच सांगते.

दोन्ही घरी सातबारा होता आणि दोघेही तोच एकमेकांच्या नाकासमोर नाचवीत होते. पण सातबाऱ्यावर क्षेत्र असते, जमिनीचा आकार नसतो. रेषा कुठून जाते हे त्या कागदावरून कळायचे नाही, त्याला मोजणीचा नकाशाच लागतो. हे आम्हांला एका निवृत्त तलाठीभाऊंनी सांगितले. भांडणाच्या पहिल्या दिवशी सांगितले असते तर चार वर्षे वाचली असती, पण आम्ही तरी कुठे विचारायला गेलो होतो?

मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात द्यायचा. आता तो संगणकावरूनही देता येतो. सोबत सातबारा लागतो आणि लगतच्या शेजाऱ्यांची नावे-पत्ते द्यावे लागतात, कारण मोजणीची तारीख त्यांनाही नोटिशीने कळवतात. फी ठरते ती क्षेत्रावर आणि मोजणी किती लवकर हवी त्यावर. नोटीस खातेदाराच्या नावाने येते. तेव्हा ज्यांची नावे सातबाऱ्यावर नाहीत त्या बायकांनीही तारीख लक्षात ठेवून तिथे उभे राहावे. जुनी खूण कुठे होती, पूर्वी पाणी कुठून जायचे, हे पुष्कळदा घरातल्या म्हातारीलाच आठवते. घर गावठाणात असेल तर सातबारा नसतो. तिथे 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. ज्यांना ती मिळाली असेल त्यांनी नीट जपून ठेवावी.

आमची मोजणी 2016 च्या मे महिन्यात झाली. भूकरमापक यंत्र घेऊन आले. तलाठीभाऊ म्हणाले, पूर्वी साखळीने मोजत. साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे, आणि साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो एक गुंठा. आमच्या दोघांमधली रेषा बरोबर तीन साखळ्यांची, म्हणजे 99 फूट भरली. वरच्या टोकाला जुना हद्दीचा दगड होता. तिथे वई अगदी बिनचूक निघाली. खालच्या टोकाला ती चार फूट त्यांच्या जमिनीत गेलेली होती. फणसही त्यांचाच निघाला.

आमच्यापैकी कोणी ती मुद्दाम सरकवली नव्हती. खालच्या अंगाला पावसाचे पाणी साठते, तिथल्या मेढी दरवर्षी कुजत. गडी नवी मेढ जुन्या खड्ड्यात न ठोकता पलीकडच्या घट्ट मातीत ठोकी. वर्षाला दोन बोटे. तीस वर्षांत तेच चार फूट झाले. वरच्या अंगाला जमीन कोरडी आणि शिवाय दगड असल्यामुळे तिथे वई जागची हलली नाही. मी त्याच दिवशी हिशेब केला. 99 फुटांचा तो लांबट त्रिकोण 198 चौरस फूट भरला. गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे गुंठ्याचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. तेवढ्यासाठी मी एका बारशाला मुकले.

पण खरी परीक्षा त्यानंतर झाली. आमच्याकडचे एक शहाणे नातेवाईक म्हणाले, "वई तीस वर्षे तिथे आहे ना? बारा वर्षांचा कायदा आहे. जमीन तुमचीच. कोर्टात जा." कायदा आहे हे खरे, 1963 चा मुदतीचा कायदा. पण नुसती बारा वर्षे वहिवाट झाली म्हणून जमीन आपली होत नाही. मूळ मालकाच्या विरुद्ध, उघडपणे, आपलीच म्हणून ती ताब्यात ठेवली होती हे शाबीत करावे लागते. आमची तर चुकून सरकलेली वई. शिवाय दावा किती वर्षे चालेल ह्याचा नेम नाही. तरीसुद्धा घरात दोन रात्री चर्चा झाली. मोह कोणाला नसतो? फणसाचा मोह तर मलाही होता.

तिसऱ्या दिवशी सासूबाई बोलल्या. त्या एरवी ह्या विषयात पडत नसत. त्या म्हणाल्या, "आपण पुढे गेलो ते आपल्याला ठाऊक नव्हते, म्हणून आजवर झोप लागली. आता ठाऊक झाले आहे." एवढेच बोलून त्या तांदूळ निवडायला बसल्या. त्याच दुपारी ह्यांनी जाऊन काकींच्या मुलाला सांगितले की चर मोजणीच्या खुणेवरून खण.

सगळ्यांचीच भांडणे अशी मिटतील असे मी म्हणत नाही. समोरचा ऐकेचना, हद्दीचे दगड उपटू लागला, तर गप्प बसू नये. तो गुन्हा आहे. गावात तंटामुक्त समिती असेल तर आधी तिच्याकडे जावे. लोकअदालतीत तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकुमासारखीच असते, तिच्यावर अपील नाही. आणखी एक गोष्ट बायकांनी गाठीला बांधून ठेवावी. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिच्या घरची मिळकत कितीही असो, फुकट वकील मागता येतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज द्यावा. विधवा बाईची, एकट्या बाईची हद्द रेटायला लोक फार लवकर धजतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आमचा गडगा 2017 साली झाला. चिऱ्यांचा खर्च निम्मा-निम्मा केला, आणि त्याचा कागद करून दोघांनी सह्या केल्या. शेजारी कितीही जवळचा असला तरी कागद करावा, त्यात अविश्वास कसला? पहिला थर बसवला त्या दिवशी काकी स्वतः येऊन गवंड्याला म्हणाल्या, "मधे माणूस जाईल एवढी वाट सोड." तिथे आता लाकडी बेडे आहे, कोंबड्या मात्र अजून गडग्यावरूनच उडतात. फणस त्यांच्या बाजूला आहे. पहिल्या वर्षी एक अख्खा फणस त्या बेड्यातून आमच्याकडे आला. सासूबाईंनी गरे तळले, आणि अर्धे मी स्टीलच्या डब्यात घालून पलीकडे नेऊन दिले. डबा परत आला तो रिकामा नव्हता, त्यात नातीच्या वाढदिवसाचे लाडू होते.

काकींनी मधे थांबवले नाही, म्हणजे सगळे बरोबर सांगितले असे समजते. आता अल्पोपाहाराची वेळ झाली आहे. मी खाली बसते.