एका गावातील दोन शाळा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला. गुलामगिरी कायद्याने संपली होती. परंतु तेथील अनेक राज्यांत शाळेची दारे पुढेही दीर्घकाळ वर्णभेदाच्या कुलपात राहिली. हे कुलूप निघाले, त्यात डेलावेअर राज्यातील हॉकेसिन या लहानशा वस्तीचा वाटा मोठा आहे.

१९५० साली हॉकेसिनमध्ये दोन सरकारी प्राथमिक शाळा होत्या. २९ क्रमांकाची गोऱ्या मुलांची, १०७ क्रमांकाची कृष्णवर्णीय मुलांची. पहिल्या शाळेच्या मुलांना बस होती, दुसरीच्या मुलांना नव्हती. ही बस चिमुकल्या शर्ली ब्यूलाच्या घरावरूनच जाई. तिची आई सॅरा मात्र तिला रोज स्वतःच्या मोटारीतून १०७ क्रमांकाच्या शाळेत पोहोचवी. मुलीला बस मिळावी, एवढीच या माउलीची मागणी. तिने गव्हर्नरापर्यंत पत्रे लिहिली. पण दोन्ही वर्णांची मुले वेगवेगळी शिकावीत असे राज्यघटनेचेच बंधन असल्याने नकार आला.

वकील लुई रेडिंग यांनी तिला बजावले की, निराळ्या बससाठी ते भांडणार नाहीत. त्या दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळविण्यासाठी मात्र अवश्य भांडतील. सॅरा कबूल झाली. तिच्या स्वतःच्या समाजातील काहींना हे रुचले नाही. आपली शाळा आपल्या हातून जाईल, हे त्यांचे भय अगदीच निराधार नव्हते.

न्यायाधीश कॉलिन्स साइट्स यांनी दोन्ही शाळा समक्ष पाहिल्या. इमारत, परिसर, शिक्षकांची तयारी, बसची सोय या सर्व बाबतींत २९ क्रमांकाची शाळा सरस ठरली. ‘आधी सुधारणेसाठी अवधी द्यावा’ हे राज्याचे म्हणणे फेटाळून १ एप्रिल १९५२ रोजी त्यांनी शर्लीला तत्काळ प्रवेश देण्याचा निर्णय दिला. विभक्त शिक्षण मुळातच कनिष्ठ असते, असे त्यांचे मत होते. परंतु ‘वेगळे पण समान’ हे सर्वोच्च न्यायालयाचे १८९६ चे सूत्र मोडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. म्हणूनच त्यांना तुलनेचा आधार घ्यावा लागला.

या आधारात एक उणीव होती. उद्या १०७ क्रमांकाची शाळा तितकीच देखणी झाली असती, तर शर्लीचा हक्क संपला असता काय? १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या व अन्य राज्यांतील खटल्यांत त्याचे उत्तर दिले. सोयी सारख्या असल्या, तरी वर्णावरून मुलांना वेगळे बसविणे हीच विषमता होय, असा तो निर्णय होता.

१०७ क्रमांकाची शाळा १९५९ साली बंद झाली. तिची इमारत आजही उभी आहे. दोन शाळांची तुलना करताना खोल्या, शिक्षक आणि बाके अवश्य मोजावीत. तथापि एवढ्याशा गावाला दोन शाळा का लागाव्यात, हा प्रश्न त्या मोजणीच्या आधी विचारावयास हवा.