पुढचे पुस्तक कोणते?

रात्रीची जेवणे आटोपली, घरात निजानीज झाली आणि हाती तासाभराची निवांत वेळ आली, म्हणजे मी पुस्तकांच्या कपाटापुढे जाऊन उभा राहतो. एक पुस्तक काढतो, चार पाने चाळतो, परत ठेवतो. मग दुसरे काढतो. अशा रीतीने तो तास सरतो आणि मी काहीही न वाचता निजावयास जातो. ज्यांच्या घरी पुस्तके थोडी आहेत त्यांना ही अडचण ठाऊक नाही. ज्यांच्या घरी ती पुष्कळ आहेत त्यांना माझे म्हणणे तत्काळ पटेल.

आम्ही पूर्वी पुण्यास सदाशिव पेठेत राहत असू. मुलगा व सून हिंजवडीच्या संगणक-उद्योगात नोकरीस लागल्यावर आम्ही बिऱ्हाड तिकडेच हलविले. त्या वेळी पुस्तके प्रथमच मोजली गेली. त्यांपैकी न वाचलेली १,०८० निघाली! माझे वाचन वर्षाकाठी ३० पुस्तकांचे. भागाकार केला तो ३६ वर्षे आली. माझे वय आज ६२ आहे. म्हणजे यापुढे एकही नवे पुस्तक घेतले नाही, तर ९८व्या वर्षी मी या ऋणातून मुक्त होईन. हा हिशेब पाहून घरातील मंडळी हसली. मला मात्र माझ्या वडिलांची आठवण झाली.

वडील शाळेत शास्त्र हा विषय शिकवीत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड त्यांनी मोठ्या हौसेने मिळविले होते. या ज्ञानकोशाच्या आरंभी पाच प्रस्तावनाखंड आहेत आणि त्यांतील पाचवा विज्ञानेतिहासाचा आहे. वडिलांना ओढ होती ती याच खंडाची. परंतु त्यांचा स्वभाव शिस्तीचा. “आरंभापासून वाचल्याखेरीज पुढे जावयाचे नाही,” असे ते म्हणत. सेवानिवृत्त झाल्यावर त्यांनी पहिला खंड उघडला. पुढे अवघ्या काही महिन्यांत ते आजारी पडले आणि गेले. त्यांची खुणेची चिठ्ठी आजही दुसऱ्या खंडात, वेदविद्येच्या पानांत आहे. पाचव्या खंडाची पाने कोरी करकरीत राहिली.

ही हकीकत मी एके दिवशी सूनबाईस सांगितली. ती म्हणाली, “बाबा, आमच्या ऑफिसात कामांचे असेच ढीग पडतात. तेथे आम्ही फळ्यावर चिठ्ठ्या लावतो. एका वेळी हाती किती कामे घ्यावयाची याची मर्यादा ठरलेली असते. हातचे एक पुरे झाल्यावाचून नवे उचलावयाचे नाही.”

या पद्धतीचे मूळ मोठे मनोरंजक आहे. आणि शेजारच्या चाकणपट्ट्यात मोटारींचे कारखाने असल्यामुळे ते येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानातील टोयोटा मोटार कारखान्यात ताइइची ओनो या अभियंत्याने तिची घडी बसविली. तिला ‘कानबान’ म्हणतात. मागच्या विभागाने भाग तयार करून ते पुढे ढकलीत राहावयाचे, ही जुनी रीत. ओनो यांनी ती उलट केली. पुढच्या विभागास जेवढे लागेल तेवढेच त्याने चिठ्ठी पाठवून मागच्याकडून मागून घ्यावयाचे. थोडक्यात, साठ्याने कामास ढकलू नये. गरजेने साठ्यातून ओढावे.

श्रोतेहो, माझ्या अडचणीचे उत्तर मला येथे सापडले. आपली पुस्तके आपणांस मागून ढकलीत असतात. ‘मला विकत घेऊन दहा वर्षे झाली’ असे एक म्हणते. ‘मला सारे जग थोर म्हणते’ असे दुसरे म्हणते. या ढकलाढकलीत आपण जागच्या जागी उभे राहतो. उलट मनात एखादा खरा प्रश्न असला, म्हणजे तो नेमके पुस्तक ओढून काढतो.

थोर ग्रंथसंग्राहकांचे वाचन असेच चाललेले दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घ्या. १९१७ साली विलायतेहून परतताना त्यांची पुस्तके ज्या जहाजाने निघाली होती ते जहाज युद्धात बुडाले. तरीही त्यांनी पुनः संग्रह केला आणि दादरच्या ‘राजगृहा’त ग्रंथांसाठी मुद्दाम जागा केली. पण तो संग्रह कपाटाच्या क्रमाने वाचण्यासाठी नव्हता. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा विषय रुपयाचा प्रश्न हा होता. १९४६च्या ग्रंथात शूद्र मूळचे कोण, याचा शोध होता. प्रश्न आधी, ग्रंथ मागाहून.

यावर कोणी विचारील, की गरजेपुरतेच वाचावयाचे तर वाचनातील आनंदाचे काय? ही शंका रास्त आहे. म्हणून मी उशाशी तीनच पुस्तके ठेवतो. एक मनातील प्रश्नासाठी, एक निव्वळ करमणुकीसाठी आणि एक पूर्वी वाचलेले, पुन्हा भेटीसाठी. तिघांपैकी एक संपल्याखेरीज चौथे कपाटातून निघत नाही. पन्नास पानांपर्यंत मन रमले नाही, तर पुस्तक परत जाते. त्याची मला लाज वाटत नाही. आणि जे मी कधीच वाचणार नाही अशी माझी खात्री झाली आहे, ते मी वाचनालयास देऊन टाकतो. तेथे त्याला त्याचा वाचक भेटेल.

आपणही आज रात्री कपाटापुढे उभे राहाल, तेव्हा ‘कोणते वाचावयाचे राहिले आहे?’ असे विचारू नका. राहिलेले नेहमी राहणारच. ‘आज मला काय जाणून घ्यावयाचे आहे?’ एवढेच विचारा.

ही पद्धत स्वीकारली त्या रात्री मी प्रथम ज्ञानकोशाचा पाचवा खंड काढला. त्याची काही पाने अजून एकमेकांस चिकटलेली होती. ती मी सावकाश सोडविली आणि दुसऱ्या खंडातील वडिलांची चिठ्ठी काढून या खंडात घातली. सध्या ती निम्म्याच्या पुढे सरकली आहे.