पाटी बेताची, पडदा मोठा

मुंबईच्या फौजदारी कोर्टांच्या दारात एके काळी काही वकील अशिलांवर नजर ठेवून उभे असत. घाबराघुबरा माणूस पायरी चढताना दिसला की झुंबड. कागद हिसकायचे, फी पाडून सांगायची, प्रसंगी आपसात धक्काबुक्की. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७५ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी या ओढाओढीवर कडक ताशेरे ओढले.

मंडळी, वकिलांच्या व्हिडिओंबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा छत्तिसावा नियम आजही हेच सांगतो: काम मागत फिरायचं नाही, जाहिरात करायची नाही, दलाल नेमायचे नाहीत. दारावरची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. २००८ साली वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, पदवी, कामाचं क्षेत्र अशी मोजकी माहिती द्यायची मुभा मिळाली, बस. अमेरिकेत मात्र १९७७ सालीच ॲरिझोनातल्या दोन वकिलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जाहिरातीला वाट मोकळी केली. त्यांनी वर्तमानपत्रात सहमतीच्या घटस्फोटाचा दर छापला होता: १७५ डॉलर, वर कोर्टाची फी. म्हणून तिकडचे मार्केटिंगचे धडे इकडे जसेच्या तसे गिरवता येत नाहीत. मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलनं नट आणि इन्फ्लुएन्सर घेऊन केलेल्या जाहिरातींविरुद्ध पत्रक काढलं, ते मला पटतं. पाटीचा नियम तेवढा हास्यास्पद झालाय; थंबनेलवरची पिवळी अक्षरं कुठल्या फूटपट्टीनं मोजणार?

मग फर्मनं करायचं काय? काम मागायला बंदी आहे, कायदा समजावून सांगायला नाही.

हक्कसोडपत्राचं घ्या. वडील जातात, तेरावं होतं, आणि भाऊ म्हणतो, ‘ताई, दुय्यम निबंधकाकडे येऊन एक सही कर, वारसाची नोंद अडलीय.’ ताई रात्री फोनवर काय शोधते? ‘सहदायिकी हक्क’ नव्हे. ‘भाऊ सही मागतोय, करू का’, असं शोधते. व्हिडिओचं शीर्षक तेच हवं. आणि पहिल्याच वाक्यात उत्तर हवं: सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागायला हक्क सोडावा लागत नाही, नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागाहून मोडायचं तर दिवाणी कोर्टात जावं लागतं. फर्मचा लोगो, संगीत, ‘नमस्कार, मी ॲडव्होकेट अमुक’ यात अर्धं मिनिट घालवलंत तर ताई पुढच्या व्हिडिओवर गेली.

कायदा बदलत राहतो, म्हणून व्हिडिओत तारीख तोंडानं सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानुसार एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध हिस्सा मागायचा तर ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणं गरजेचं होतं. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती अट काढून टाकली. २०१६ मध्ये कुणी प्रामाणिकपणे केलेला व्हिडिओ आज एखाद्या बहिणीला हक्क नाही असं सांगत बसलेला असू शकतो. फर्मला नवे व्हिडिओ करायची हौस असते. जुने उतरवायचं काम कुणाकडेच नसतं. ते एका ज्युनियरकडे नाव घालून द्या.

कॉमेंटमध्ये लोक भावाच्या नावासकट, गट नंबरासकट सगळं मांडतात. तिथे सल्ला देऊ नका, तो मजकूर लपवा, जवळच्या वकिलाला किंवा तालुका विधी सेवा समितीला भेटा म्हणून सांगा. आपण चालवत असलेल्या खटल्याबद्दल अवाक्षर नको, आणि शेवटी ‘आजच फोन करा’ही नको.

प्रेक्षक वाढतील, पण त्यातले बहुतेक तुमचे अशील होणार नाहीत, हे भागीदारांना आधीच सांगून ठेवा. आणि कॅमेऱ्यासमोर सीनियरच हवेत हा हट्ट सोडा. ऑफिसात वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणारी एखादी ज्युनियर असेल, तिला बसवा. सातबाऱ्याचे प्रश्न तिला घरूनच ठाऊक असतात.